नवा प्रशिक्षक, जुना क्वार्टरबॅक

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, साखळी सामन्यांचा शेवटचा रविवार संपला की दुसऱ्या दिवसापासून हरलेल्या संघांच्या प्रशिक्षकांना घरी पाठवायला सुरुवात होते. या सोमवारला तिथे ‘ब्लॅक मंडे’ असेच नाव पडले आहे. काही आठवड्यांत नवा मुख्य प्रशिक्षक येतो आणि त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो क्वार्टरबॅकचा. आधीच्या कारकिर्दीत जो खेळाडू हरत राहिला त्यालाच आणखी एक हंगाम द्यायचा, की प्रशिक्षकाबरोबर क्वार्टरबॅकही बदलायचा? या निर्णयात कोट्यवधी डॉलर गुंतलेले असतात, संघाची पुढची तीन-चार वर्षे गुंतलेली असतात आणि बाविशी-तेविशीतल्या एखाद्या मुलाची सारी कारकीर्द गुंतलेली असते. तरीही तो पुष्कळदा एकाच आकड्याकडे पाहून घेतला जातो: किती सामने जिंकले आणि किती हरले.

हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा सॉकर नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळत किंवा फेकून पुढे न्यायचा आणि १०० यार्डांच्या मैदानाच्या दुसऱ्या टोकापलीकडे पोचवायचा, की टचडाउन होतो. मैदानात प्रत्येक बाजूचे ११ खेळाडू असतात. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकावे लागते. ते जमले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही जमले तर चेंडू समोरच्यांकडे जातो. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू प्रथम येतो तो क्वार्टरबॅकच्या हातात. तो सहकाऱ्याच्या हाती द्यायचा, दूर धावणाऱ्या रिसीव्हरकडे फेकायचा की स्वतःच घेऊन पळायचे, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते, आणि तेही सव्वाशे-दीडशे किलो वजनाचे बचावपटू अंगावर धावून येत असताना. फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने पकडला तर ते इंटरसेप्शन. फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला खाली पाडले तर तो सॅक.

कोणती चाल खेळायची हे प्रशिक्षक सांगतो. १९९४ पासून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये छोटा रेडिओ असतो आणि चाल सुरू करण्याच्या घड्याळावर १५ सेकंद उरले की तो आपोआप बंद होतो. त्यापुढचे सारे क्वार्टरबॅकच्या डोक्यात असावे लागते. म्हणूनच प्रशिक्षक बदलला की इतर खेळाडूंपेक्षा त्याचे जग जास्त बदलते. चालींची नावे बदलतात, चेंडू हातात आल्यावर किती पावले मागे जायचे ते बदलते, पाहायचे कोणाकडे आधी आणि कोणाकडे नंतर याचा क्रम बदलतो. नवी भाषा मनात भाषांतर न करता बोलता येईपर्यंत बहुतेकांना एक हंगाम लागतो. हरणाऱ्या संघांत प्रशिक्षक वारंवार बदलतात, त्यामुळे जिथे क्वार्टरबॅकला स्थैर्याची सर्वात जास्त गरज असते तिथेच ते सर्वात कमी मिळते.

हार-जीत मोजून क्वार्टरबॅक पारखण्यात किती मोठी फसगत होते, हे टॅम्पा बे बकॅनियर्स या संघाने १९८७ मध्ये दाखवून दिले. आधीच्या दोन्ही हंगामांत संघाने १६ पैकी १४-१४ सामने गमावले होते. तरुण क्वार्टरबॅक स्टीव्ह यंग सुरुवातीपासून १९ सामने खेळला होता आणि त्यांतले ३ जिंकला होता. नवे प्रशिक्षक रे पर्किन्स यांच्या हाती ड्राफ्टमधला, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, पहिला क्रमांक होता. त्यांनी मायामी विद्यापीठाचा नावाजलेला विनी टेस्टावर्डी निवडला आणि यंगला दुसऱ्या व चौथ्या फेरीच्या निवडींच्या बदल्यात सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सला देऊन टाकले. टेस्टावर्डीने १९८८ च्या एकाच हंगामात ३५ इंटरसेप्शन दिली. यंग तिथले प्रशिक्षक बिल वॉल्श यांच्या हाताखाली पोचला, काही वर्षे क्वार्टरबॅक जो मोंटॅनाच्या मागे थांबला, नंतर दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि जानेवारी १९९५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, त्याने ६ टचडाउन पास फेकले. तो विक्रम आहे. टॅम्पाची हरण्याची मालिका मात्र १९९६ पर्यंत चालूच राहिली. क्वार्टरबॅक बदलला, पण त्याचे रक्षण करणाऱ्या ज्या कमकुवत फळीमागे तो उभा होता ती फळी, ते व्यवस्थापन आणि ती कुवत तशीच राहिली.

याच फोर्टीनाइनर्सना पुढे तोच प्रश्न उलट बाजूने पडला, आणि या विषयातले सर्वात बोलके उदाहरण तेच आहे. २००५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर त्यांनी युटा विद्यापीठाचा अॅलेक्स स्मिथ घेतला. त्याच फेरीत पुढे गाजलेला क्वार्टरबॅक अॅरन रॉजर्स २४ व्या क्रमांकापर्यंत वाट पाहत राहिला आणि ग्रीन बे पॅकर्सकडे गेला. ही तुलना स्मिथच्या मानगुटीवर कायमची बसली. पहिल्या हंगामात त्याचा टचडाउन पास एक आणि इंटरसेप्शन अकरा. २००७ मध्ये खांदा दुखावला आणि पुढचा संपूर्ण हंगाम वाया गेला. त्याहून मोठे नुकसान दिसत नव्हते: आक्रमणाची आखणी करणारा सहायक प्रशिक्षक जवळजवळ दरवर्षी बदलत होता. माइक मॅकार्थी, नॉर्व्ह टर्नर, जिम हॉस्टलर, माइक मार्ट्झ, जिमी रे. प्रत्येकाचे प्लेबुक, म्हणजे चालींचे पुस्तक, वेगळे, प्रत्येकाची परिभाषा वेगळी. मुख्य प्रशिक्षकपदावरून माइक नोलन गेले आणि माइक सिंगलटेरी आले, तेही २०१० च्या डिसेंबरमध्ये काढले गेले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये घरच्या मैदानावर, फिलाडेल्फियाविरुद्धच्या सामन्यात, प्रेक्षक राखीव क्वार्टरबॅक डेव्हिड कारच्या नावाचा घोष करत होते.

जानेवारी २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातून जिम हार्बॉ प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा स्मिथचा करार संपत आला होता. त्याला निरोप दिला असता तर शहरात कोणाला वाईट वाटले नसते. हार्बॉ स्वतः एनएफएलमध्ये चौदा हंगाम क्वार्टरबॅक म्हणून खेळलेले. त्यांनी जुन्या सामन्यांच्या फिती पाहिल्या, स्मिथशी बोलले आणि त्याला एका वर्षाच्या करारावर ठेवून घेतले. त्याच वेळी ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत नेवाडा विद्यापीठाचा कॉलिन केपरनिक घेऊन दुसरा दरवाजाही उघडा ठेवला. त्या उन्हाळ्यात मालक आणि खेळाडूंच्या संघटनेत वाद होऊन टाळेबंदी झाली. प्रशिक्षकांना खेळाडूंना भेटण्याचीही मुभा नव्हती. स्मिथने नवे प्लेबुक घेऊन सहकाऱ्यांना स्वतःच एकत्र केले आणि सराव चालवला.

हार्बॉ यांनी स्मिथकडून चमत्कार मागितला नाही. धावण्याचा खेळ मजबूत करायचा, छोटे आणि खात्रीचे पास फेकायचे, चेंडू गमवायचा नाही आणि बाकीचे बलाढ्य बचावावर सोपवायचे, अशी आखणी होती. २०११ च्या हंगामात स्मिथने १७ टचडाउन पास फेकले आणि फक्त ५ इंटरसेप्शन दिली. संपूर्ण संघाने मिळून अवघ्या १० वेळा चेंडू गमावला, जी एनएफएलमधल्या तोवरच्या सर्वोत्तम कामगिरीशी बरोबरी होती. आदल्या वर्षी ६ सामने जिंकणारा संघ १३ जिंकला. १४ जानेवारी २०१२ रोजी न्यू ऑर्लिन्स सेंट्सविरुद्धच्या बाद फेरीत शेवटच्या चार मिनिटांत आघाडी चार वेळा बदलली. त्यात स्मिथने २८ यार्ड धावत एक टचडाउन केला, आणि ९ सेकंद उरले असताना सहकारी व्हर्नन डेव्हिसकडे १४ यार्डांचा पास फेकून ३६-३२ असा सामना जिंकला. सहा वर्षे ज्याला निकामी ठरवले जात होते तो हाच खेळाडू होता.

पुढच्या हंगामात नोव्हेंबरमध्ये डोक्याला मार लागून स्मिथ बाहेर बसला, केपरनिकने जागा घेतली आणि ती परत दिली नाही. फोर्टीनाइनर्स सुपर बोलपर्यंत गेले, तिथे ३४-३१ असे हरले. स्मिथवर हा अन्याय झाला असे मानणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे खोडता येण्यासारखे नाही. जखमी झाला तेव्हा तो ७० टक्के पास अचूक देत होता. पण २०११ चा निर्णय बरोबर होता तो यामुळे चुकीचा ठरत नाही. जुन्या क्वार्टरबॅकला ठेवल्यामुळे संघ दोन वर्षे जिंकत राहिला आणि नव्याला तयार व्हायला वेळ मिळाला.

तेव्हा नव्या प्रशिक्षकाने पाहायचे काय? फितींवर आधी क्वार्टरबॅक पाहून चालत नाही, त्याच्यासमोरची पाच जणांची ऑफेन्सिव्ह लाइन पाहावी लागते. त्याला चेंडू फेकायला किती वेळ मिळत होता, रिसीव्हर मोकळे होत होते का, चालच अशी होती का की कोणीच मोकळे होणार नाही. हे वगळल्यावर जे उरते ते क्वार्टरबॅकचे. त्यातही शिकवता येण्यासारखे आणि न शिकवता येण्यासारखे असे दोन भाग पडतात. पायांची ठेवण, पाहण्याचा क्रम, धोका पत्करायचा केव्हा आणि चेंडू बाहेर फेकून द्यायचा केव्हा, हे शिकवता येते. अचूकता थोडी सुधारते, फार नाही. आणि सर्वात महत्त्वाची खूण नजरेची. वारंवार पाडला गेलेला क्वार्टरबॅक हळूहळू दूरच्या रिसीव्हरकडे पाहणे सोडतो आणि अंगावर येणाऱ्यांकडे पाहू लागतो. ही सवय एकदा जडली की क्वचितच सुटते.

डेव्हिड कारकडे पाहिले की ते कळते. २००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स हा नवाकोरा संघ लीगमध्ये आला आणि त्याने पहिल्या क्रमांकावर कारला निवडले. त्या एका हंगामात त्याला ७६ वेळा पाडण्यात आले. हा नकोसा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. २००५ मध्ये पुन्हा ६८ वेळा. २००६ मध्ये नवे प्रशिक्षक गॅरी क्युबिआक आले, त्यांनी कारला एक संधी दिली, संघ ६ सामने जिंकला आणि पुढच्या वर्षी त्याला सोडून दिले. क्युबिआक यांचा हेतू चांगला होता, पण ती मदत चार वर्षे उशिरा आली. सॅन फ्रान्सिस्कोचे प्रेक्षक स्मिथच्या जागी ज्याची मागणी करत होते तो हाच कार.

एक हरलेला हंगाम आणि चार हरलेले हंगाम यांत म्हणूनच मोठा फरक आहे. लॉस एंजेलिस रॅम्सचा जॅरेड गॉफ २०१६ मध्ये पहिल्या क्रमांकाने आला आणि पहिल्या वर्षी खेळलेले सातही सामने हरला. संघाचे गुण लीगमध्ये सर्वात कमी होते: २२४. नवे प्रशिक्षक शॉन मॅकव्हे अवघे ३० वर्षांचे होते. त्यांनी गॉफला ठेवले आणि त्याच्याभोवतीचे सारे बदलले. अनुभवी टॅकल, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनच्या कडेचा खेळाडू, अँड्र्यू व्हिटवर्थ आणला, रॉबर्ट वुड्स, सॅमी वॉटकिन्स आणि कूपर कप हे रिसीव्हर आणले. चाल आखण्याची पद्धतही बदलली: संघ लवकर रांगेत उभा राहायचा, म्हणजे १५ सेकंदांची मर्यादा येईपर्यंत मॅकव्हे यांना समोरचा बचाव पाहून हेल्मेटमधल्या रेडिओवर गॉफशी बोलता यायचे. २०१७ मध्ये संघाने ४७८ गुण केले, लीगमध्ये सर्वाधिक. क्वार्टरबॅक तोच. पुढच्या वर्षी रॅम्स सुपर बोलमध्ये होते. क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्सचीही हीच कथा. २०२१ मध्ये जॅक्सनव्हिलचे प्रशिक्षक अर्बन मायर यांना हंगामाच्या मध्येच काढावे लागले, त्या गोंधळात लॉरेन्सने १२ टचडाउन पास आणि १७ इंटरसेप्शन दिली. डग पीडरसन आल्यावर २०२२ मध्ये तेच आकडे २५ आणि ८ झाले.

पण प्रश्न केवळ खेळाचा नसतो, पैशाचाही असतो. १९९४ पासून एनएफएलमध्ये सॅलरी कॅप आहे: प्रत्येक संघाने खेळाडूंवर किती खर्च करायचा याला वरची मर्यादा. २०२४ मध्ये ती सुमारे २५.५ कोटी डॉलर होती. २०१० पर्यंत पहिल्या क्रमांकाचा नवखा खेळाडूही अवाढव्य पैसे घेत असे. त्या वर्षी सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटी डॉलरची हमी मिळाली. मालक आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११ च्या करारात नवोदितांच्या मानधनावर मर्यादा आली आणि पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा संपूर्ण करार २.२ कोटींचा झाला. तेव्हापासून स्वस्त तरुण क्वार्टरबॅक ही संघाची सर्वात मोठी ठेव झाली, कारण वाचलेल्या पैशांत इतर चांगले खेळाडू घेता येतात. याचाच दुसरा परिणाम असा की आधीच्या क्वार्टरबॅकला सोडणेही स्वस्त झाले.

२०१९ मध्ये अॅरिझोना कार्डिनल्सने तेच केले. आदल्याच वर्षी दहाव्या क्रमांकाने घेतलेला क्वार्टरबॅक जॉश रोझन मोडक्या फळीमागे ४५ वेळा पाडला गेला होता, संघ ३ सामने जिंकला होता, प्रशिक्षक एका वर्षात घरी गेले होते. नवे प्रशिक्षक क्लिफ किंग्सबरी यांनी पहिल्या क्रमांकावर कायलर मरी निवडला आणि रोझनला मायामीकडे पाठवले. इतक्या लवकर हात झटकणे निष्ठुर होते, रोझनची कारकीर्द पुन्हा उभी राहिली नाही. तरी संघाच्या दृष्टीने हिशेब चुकला म्हणता येत नाही. मरी किंग्सबरी यांच्या धावत्या, मोकळ्या पद्धतीला साजेसा होता आणि २०२१ मध्ये संघ ११ सामने जिंकून प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, पोचला.

मात्र पहिला क्रमांक हाती आहे म्हणून तिथे क्वार्टरबॅक असतोच असे नाही. २०१३ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सकडे पहिला क्रमांक होता आणि नवे प्रशिक्षक अँडी रीड होते. त्या वर्षी पहिला क्वार्टरबॅक निवडला गेला तो थेट सोळाव्या क्रमांकावर. रीड यांनी टॅकल घेतला आणि क्वार्टरबॅक म्हणून सॅन फ्रान्सिस्कोकडून अॅलेक्स स्मिथ आणला. २ सामने जिंकलेला संघ ११ जिंकला. पुढे २०१७ मध्ये नवोदित क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स आला तेव्हा तो जवळजवळ वर्षभर स्मिथच्या मागे बसून शिकला. उलट २०२१ च्या पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक निवडले गेले, आणि २०२४ चा हंगाम सुरू होईपर्यंत लॉरेन्स सोडून बाकीचे चारही आपापल्या मूळ संघाबाहेर होते. नवा क्वार्टरबॅक म्हणजे सोडतीचे तिकीट आहे हे हरणाऱ्या संघांना मान्य करणे फार जड जाते.

महागड्या, अनुभवी क्वार्टरबॅकचा पेच वेगळा. डेन्व्हर ब्रॉन्कोसने रसेल विल्सनला २४.५ कोटी डॉलरचा वाढीव करार दिला, २०२२ मध्ये संघ ५ सामने जिंकला, प्रशिक्षक गेले. २०२३ मध्ये आलेल्या शॉन पेटन यांना त्याला ठेवण्यावाचून पर्याय नव्हता. पण विल्सनला चाल फुटल्यावर इकडेतिकडे पळून काहीतरी घडवायला आवडे, आणि पेटन यांना वेळेवर, आखल्याप्रमाणे फेकलेला चेंडू हवा असे. वर्षअखेर त्यांनी त्याला बाहेर बसवले आणि मार्च २०२४ मध्ये सोडले. न खेळणाऱ्या खेळाडूपायी दोन वर्षांत मिळून ८.५ कोटी डॉलर कॅपमधून वजा झाले. एवढा भार घेऊनही संघ नवख्या बो निक्ससह त्याच वर्षी प्लेऑफला गेला. प्रशिक्षकाची पद्धत आणि क्वार्टरबॅकचा स्वभाव जिथे मुळातच जुळत नाहीत तिथे पैसे बुडाले तरी वेगळे होणे बरे, एवढे यातून नक्की दिसते.

ठेवायचे ठरले तर ते कसे ठेवायचे यालाही पद्धत लागते. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार पाचव्या वर्षापर्यंत वाढवण्याचा पर्याय संघाने घ्यायचा की नाही हे त्याच्या तिसऱ्या हंगामानंतर मेच्या सुरुवातीला ठरवावे लागते. २०२२ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सचे नवे प्रशिक्षक ब्रायन डेबॉल यांच्या संघाने क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सचा हा पर्याय नाकारला, पण त्यालाच खेळवले. ही उत्तम चाल होती: खेळाडूला संधी, संघाला मोकळीक. जोन्स चांगला खेळला, संघाने प्लेऑफमध्ये मिनेसोटाला हरवले. मग मार्च २०२३ मध्ये त्याला चार वर्षांचा १६ कोटींचा करार मिळाला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तो संघाबाहेर होता. एका चांगल्या वर्षावर चार वर्षांची किंमत मोजली ही तिथली चूक. त्याला ठेवले ही नव्हे.

आणि वेळ द्यायचा तर तो पुरता द्यावा लागतो. २०२१ मध्ये मॅकव्हे यांनीच गॉफला नाकारले आणि क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डच्या बदल्यात, वर दोन पहिल्या फेरीच्या निवडी देऊन, त्याला डेट्रॉइट लायन्सकडे पाठवले. स्टॅफर्डने त्याच हंगामात रॅम्सला सुपर बोल जिंकून दिला, तेव्हा हा सौदा एकतर्फी वाटला. डेट्रॉइटचे नवे प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल पहिल्या वर्षी ३ सामने जिंकले आणि दुसऱ्या वर्षीचे पहिल्या सातांपैकी सहा हरले. गॉफ बदलण्यासाठी त्याहून चांगले निमित्त मिळाले नसते. त्यांनी तसे केले नाही. पेनी सूएलसारखा टॅकल ड्राफ्टमधून आधीच घेतला होता, ती फळी बांधणे चालू ठेवले, आक्रमणाची सूत्रे तरुण बेन जॉन्सन यांच्याकडेच ठेवली आणि गॉफला जे जमते तेच, म्हणजे धावण्याचा आभास निर्माण करून मधल्या पट्ट्यात फेकलेले पास, खेळाच्या केंद्रस्थानी ठेवले. त्या वर्षी उरलेल्या दहांपैकी आठ सामने संघाने जिंकले. जानेवारी २०२४ मध्ये डेट्रॉइटने बत्तीस वर्षांनी प्लेऑफचा सामना जिंकला, २४-२३ असा, आणि समोर स्टॅफर्डचा रॅम्स संघ होता. त्यानंतर मे महिन्यात गॉफला चार वर्षांचा २१.२ कोटी डॉलरचा करार मिळाला. पुढच्या हंगामात लायन्सनी १७ पैकी १५ सामने जिंकले.